हिशेबाची उमेदवारी

महाराष्ट्रात हिशेबाचे काम शिकण्याच्या दोन वाटा निदान तीन शतके शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. पहिली वाट दफ्तराची किंवा पेढीची. तीत शिकणारा मुलगा जाणत्या कारकुनाजवळ बसून, आधी नकला उतरवून, मग बेरजा तपासून आणि शेवटी स्वतः नोंदी लिहून तयार होत असे, आणि या बिनपगारी किंवा नाममात्र मोबदल्याच्या काळाला उमेदवारी म्हणत. दुसरी वाट शाळेची असून तीत पाढे, अपूर्णांक, व्याज आणि अलीकडच्या काळात पुस्तपालनाचे नियम शिकवले गेले. या दोन वाटांचा इतिहास एकत्र पाहिला, तर असे आढळते की शाळेने हिशेबनीस पूर्णपणे घडवला असे क्वचितच झाले आणि कामातले कसब नेहमी प्रत्यक्ष वहीसमोरच पक्के झाले. परंतु त्या वहीसमोर बसण्याचा अधिकार कोणाला मिळावा, हा प्रश्न मात्र शाळेनेच पुन्हा पुन्हा उभा केला आणि काही अंशी सोडवला. म्हणून शालेय हिशेबशिक्षणाचे मोल त्यातून मिळालेल्या कौशल्यावर जोखण्यापेक्षा त्याने मोडलेल्या मक्तेदारीवर जोखणे अधिक न्याय्य ठरेल.

पेशवाईतील पुण्याचे हुजूर दफ्तर हे या विषयाच्या दृष्टीने पहिले मोठे विद्यालय म्हणता येईल, जरी त्याला कोणी विद्यालय म्हटले नसले तरी. भरभराटीच्या काळात या दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत आणि त्याचे अनेक विभाग असत. फडणिसाच्या देखरेखीखालील चालत्या दफ्तरात रोजचा व्यवहार नोंदला जाई, तर एकबेरीज दफ्तरात सर्व खात्यांचे हिशेब गोळा होऊन त्यांची वर्गवारी केली जाई. रोजच्या जमाखर्चाची आणि हुकुमांची तारीखवार नोंद ती रोजकीर्द. त्याच नोंदी माणसाच्या किंवा बाबीच्या नावाखाली वेगळ्या काढल्या की ती खतावणी. निरनिराळ्या रकमांचा गोषवारा मांडला की ती तेरीज. आणि वर्षअखेरीस जमा, खर्च व शिल्लक यांचा मेळ घातला की तो ताळेबंद. येत्या वर्षाच्या उत्पन्नखर्चाचा आगाऊ अंदाज करण्याचीही पद्धत होती आणि त्याला अजमास म्हणत. गणेश चिमणाजी वाड यांनी याच दफ्तरातील रोजकिर्दींमधून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले, तेव्हा राजकीय घडामोडींइतकीच त्यांत दिसणारी नोंदीची शिस्त अभ्यासकांच्या नजरेत भरली.

ही शिस्त शिकवण्यासाठी स्वतंत्र वर्ग नव्हते, पण लेखी साधने होती. मेस्तक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखित पुस्तिकांमध्ये दफ्तर कसे राखावे, कालगणना कशी लिहावी, कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणता मायना वापरावा आणि हिशेबाची मांडणी कशी करावी, याची माहिती असे. परंपरेने असे एक मेस्तक तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर चालत आले आहे आणि मोडी लिपीचे श्रेयही त्यालाच दिले जाते. उपलब्ध प्रतींची भाषा मात्र त्याच्या काळाशी जुळत नाही, त्यामुळे हे कर्तृत्व इतिहास म्हणून नव्हे तर एका व्यावसायिक वर्गाने आपल्या विद्येला मिळवून दिलेली जुनी वंशावळ म्हणून वाचणे योग्य. वंशावळीची ही ओढ अकारण नव्हती, कारण दफ्तरातील जागा बहुधा घराण्यातच राहत. भानू घराण्यातील बाळाजी जनार्दन, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले नाना फडणीस, यांचा जन्म १७४२ चा. १७५६ मध्ये वडील वारले तेव्हा फडणिशी त्यांच्याकडे आली आणि त्या वेळी त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने नववीत बसणाऱ्या मुलाच्या हाती एका राज्याच्या जमाखर्चाची जबाबदारी नावापुरती का होईना येऊ शकत होती, याचे कारण त्या मुलाची हुशारी एवढेच नसून, घरातील बैठक हीच त्याची शाळा होती आणि त्या शाळेत बाहेरच्याला प्रवेश नव्हता.

दफ्तराबाहेरच्या मुलांसाठी गावोगावी पंतोजीच्या शाळा होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मग मोडी वाचणे-लिहिणे आणि सर्वांत अधिक वेळ उजळणी, असा त्यांचा साधारण क्रम असे. उजळणी म्हणजे केवळ पूर्णांकांचे पाढे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे, मुले सुरात घोकून पाठ करीत. पुढील काळातील शिक्षणतज्ज्ञांनी या घोकंपट्टीची बरीच टिंगल केली, पण तिच्यामागील निकड त्यांनी पुरेशी लक्षात घेतली नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै, मणाचे चाळीस शेर आणि शेराचे पाव-अदपाव असे भाग, अशा परिमाणांच्या जगात दर आणि वजन यांचा गुणाकार करताना पाव-अर्ध्या-पाऊणांशी सतत गाठ पडे, आणि बाजारात किंवा वसुलीच्या वेळी कागदावर आकडेमोड करीत बसण्यास सवड नसे. औटकी तोंडपाठ असलेला मुलगा साडेतीन आणे दराने सतरा शेरांची किंमत क्षणात सांगू शकत असे. ते कौशल्य यांत्रिक होते हे खरे, पण त्या काळाच्या व्यापाराला नेमके तेच यंत्र हवे होते.

पेढीवरचे शिक्षण याहून वेगळे होते. मुंबई, पुणे, नगर, अमरावती अशा ठिकाणच्या गुजराती व मारवाडी पेढ्यांवर मुनीम, म्हणजे मालकाच्या वतीने हिशेब आणि उलाढाल पाहणारा प्रमुख, हाच शिक्षक असे आणि मालकाची मुलेही त्याच्याच हाताखाली तयार होत. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांना घड्या पाडून रकाने केले जात. डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहिले जाई. आणि रोज रात्री हाती असलेली रोकड वहीतील शिलकेशी जुळल्याशिवाय दिवस संपला असे मानले जात नसे. या पद्धतीत प्रत्येक व्यवहाराची दुसरी बाजू कोठे तरी लिहिली जाते याचे भान पक्के होते, त्यामुळे तिला अर्धवट किंवा मागासलेली ठरवणारे इंग्रजी पाठ्यपुस्तकांचे जुने मत आज टिकण्यासारखे नाही. मात्र घरगुती लिपी, घरगुती खुणा आणि घरगुती विश्वास यांवर उभी असलेली ही विद्या जातीबाहेर क्वचितच जाई, आणि दफ्तराप्रमाणेच पेढीवरही शिक्षणाचे दार नात्यानेच उघडे.

या बंद दारांची किंमत एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी मोजली. गावचा हिशेब वतनदार कुलकर्ण्याकडे आणि कर्जाचा हिशेब सावकाराकडे, अशा स्थितीत ज्याच्या नावावर नोंद होई त्याला ती वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या आणि पुढे नगर जिल्ह्यातही पसरलेल्या दंग्यांत जमावाने माणसांपेक्षा कागदांवर अधिक रोख धरला. कर्जरोखे आणि वह्या मागून घेऊन जाळण्यात आल्या. लेखनविद्येपासून दूर ठेवलेल्या समाजाने लेखालाच शत्रू मानावे, यात नवल नव्हते. चौकशी आयोगानंतर आलेल्या १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने सावकारावर पावती देण्याचे आणि मागणी केल्यास वार्षिक हिशेब व पासबुक देण्याचे बंधन घातले. कायद्याने कागद मिळवून दिला, वाचण्याची कला मात्र मिळवून दिली नाही.

जोतीराव फुले यांनी नेमके हेच ओळखले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीने हिशेबाचा समावेश असावा अशी मागणी केली आणि शेती, आरोग्य, नीती यांच्या प्राथमिक ज्ञानाचीही भर घालावी असे सुचवले. या मागणीकडे बहुधा सर्वसाधारण शिक्षणविषयक मागणी म्हणून पाहिले जाते; परंतु दफ्तर, कुलकर्णी आणि सावकार यांच्या संदर्भात ती ठेवली, तर हिशेब हा विषय त्या यादीत योगायोगाने आलेला नाही हे स्पष्ट होते. फुल्यांना कारकुनांचा नवा वर्ग निर्माण करायचा नव्हता, तर कारकुनाला प्रश्न विचारू शकणारा शेतकरी घडवायचा होता, आणि महाराष्ट्रातील हिशेबशिक्षणाच्या इतिहासात इतका स्पष्ट हेतू त्यानंतर क्वचितच कोणी मांडला.

त्या हेतूच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग कोल्हापूर संस्थानात झाला. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय राजकीय होता आणि त्यावर वादळही उठले. पण शिक्षणाच्या इतिहासात त्याचे महत्त्व असे की वतन काढून घेतल्यावर ते काम करणारी नवी माणसे कोठून आणायची, हा प्रश्न लगेच उभा राहिला. गावनमुने, म्हणजे जमीन, पीक, सारा आणि थकबाकी यांच्या ठराविक साच्याच्या नोंदवह्या, भरणे हे पिढीजात काम असल्याने ते पुस्तकात कोठेच नव्हते. तलाठ्यांना शिकवण्याचे वर्ग त्यामुळे सुरू करावे लागले आणि त्यांत ब्राह्मणेतर तरुणांबरोबर अस्पृश्य मानलेल्या जातींतील तरुणही घेतले गेले. वतनदाराच्या ओटीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या काही महिन्यांच्या वर्गात बसवता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले, आणि ती विद्या गूढ असल्याचा समज बऱ्याच अंशी तिथेच संपला. ब्रिटिश मुलखात हीच गोष्ट सावकाश घडली. कायद्याने वतने संपण्यास मुंबई राज्यात १९५० सालच्या परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करण्याच्या अधिनियमाची वाट पाहावी लागली.

दरम्यान मुंबई शहरात हिशेबाला वेगळेच वळण लागत होते. कापड गिरण्या, बँका, विमा कंपन्या आणि जहाज कंपन्या यांचे भांडवल अनेक भागधारकांचे असल्याने त्यांचा हिशेब मालकाच्या समाधानापुरता ठेवून भागत नव्हते. जो माणूस कधी कार्यालयात पाऊल ठेवणार नाही त्यालाही पटेल असा तो मांडावा लागे आणि त्यावर तटस्थ माणसाची सही लागे. ही सही करणारा तो लेखापरीक्षक. इंग्रजी द्विनोंदी पद्धती, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्याच्या नावे आणि दुसऱ्या खात्याच्या जमेस लिहिण्याची पद्धती, या कंपन्यांनी स्वीकारली, आणि तिचे शिक्षण देणाऱ्या खासगी वर्गांना मुंबईत गिऱ्हाईक मिळू लागले. सोहराब दावर यांनी १९०० मध्ये सुरू केलेली वाणिज्य संस्था ही त्यांतील सर्वांत नावाजलेली. १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय उघडले, आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. भारतीय लेखाव्यवसायाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे के. एस. अय्यर यांचा त्याच्या उभारणीशी निकटचा संबंध होता. पुढे १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट वाणिज्यशिक्षणाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

सिडनहॅम उघडले त्याच वर्षी भारतीय कंपनी कायदा झाला आणि त्याने कंपनीचा लेखापरीक्षक सरकारमान्य पात्रता असलेला असावा असे ठरवले. पात्रता म्हणजे काय, याचे उत्तर मुंबई सरकारने १९१८ मध्ये गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, संक्षेपाने जी. डी. ए., ही पदविका सुरू करून दिले. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षे प्रत्यक्ष काम केले की संपूर्ण देशात लेखापरीक्षण करण्याचा परवाना मिळे. या रचनेत जुन्या उमेदवारीला पहिल्यांदाच कायद्याचे अंग मिळाले. आतापर्यंत दफ्तरात बसण्यासाठी ओळख लागे, आता परीक्षा लागत होती. पण परीक्षेनंतर पुन्हा कोणाच्या तरी कार्यालयात तीन वर्षे बसावे लागे आणि तिथे घेण्या-न घेण्याचा अधिकार त्या कार्यालयाच्या मालकाचाच होता. मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी १९३३ मध्ये ही पदविका मिळवली, तेव्हा स्त्रियांना व्यवसाय करू देण्यास नियमांचाच अडथळा होता आणि त्याविरुद्ध त्यांना झगडावे लागले; परीक्षा आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या उदाहरणातून स्वच्छ दिसते. १९३२ च्या नियमांनी हा कारभार केंद्राकडे जाऊन नोंदणीकृत लेखापाल हा वर्ग निर्माण झाला आणि १ जुलै १९४९ पासून सनदी लेखापाल अधिनियम लागू होऊन आजची सी. ए. संस्था अस्तित्वात आली. तिचे पहिले अध्यक्ष गोपालदास कापडिया हे मुंबईचेच. सुरुवातीच्या काळात उमेदवाराला आपल्या गुरुकार्यालयाला प्रीमियम म्हणून रक्कम देण्याची रूढी होती, पुढे ती बंद होऊन उलट विद्यावेतन देणे सक्तीचे झाले. या एका बदलाने सामान्य घरातील मुलांसाठी जेवढे केले तेवढे अनेक अभ्यासक्रम-समित्यांनी केले नसावे.

शालेय स्तरावर मात्र हा विषय उशिरा पोहोचला. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाच्या ताब्यात असेपर्यंत माध्यमिक शाळेचे तोंड महाविद्यालयाकडेच होते. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षा, म्हणजे एस. एस. सी., विद्यापीठापासून वेगळी झाली आणि व्यवसायाकडे नेणाऱ्या विषयांना परीक्षेत जागा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडून अभ्यासक्रमाचे सात गट सुचवले, त्यांपैकी एक वाणिज्याचा होता: व्यापारी व्यवहार, पुस्तपालन, व्यापारी भूगोल किंवा अर्थशास्त्र व नागरिकशास्त्राची मूलतत्त्वे, आणि लघुलेखन-टंकलेखन. या यादीवरून आयोगाच्या डोळ्यांसमोर कोण होता ते कळते. तो लेखापरीक्षक नव्हता, व्यापारीही नव्हता. तो कार्यालयातला कारकून होता, जो पत्र टंकू शकेल आणि रोखवहीही लिहू शकेल. अकरावी एस. एस. सी. होऊन गिरणीच्या किंवा बँकेच्या कार्यालयात लागणे ही त्या काळच्या मुंबई-पुण्यातील मराठी मध्यमवर्गाची ठरलेली आकांक्षा होती आणि शाळेने तिला साजेसा अभ्यासक्रम दिला. मराठी समाजात व्यापारापेक्षा नोकरीकडे ओढा अधिक, अशी तक्रार त्या पिढीतील विचारवंत सतत करीत असत. पण शाळेतील वाणिज्य गटच नोकरीसाठी आखलेला होता, याकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

याच सुमारास पंतोजीच्या शाळेचा शेवटचा वारसाही निकालात निघाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि पुढील काही वर्षांत शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम-क्विंटल आले. सोळा आणि चाळीस यांच्यावर उभी असलेली आकडेमोड दशमानावर गेल्यावर पाऊणकी-औटकीची गरज एकदम सरली. मोडी लिपीही त्याच काळात प्राथमिक शाळांतून गेली. दोन्ही गोष्टी व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच होत्या, तरी त्यांचा एक परिणाम कोणी मोजला नाही: आजोबांची वही नातवाला वाचता येईनाशी झाली आणि घरातील हिशेबाची परंपरा असलेल्या कुटुंबांतही शिक्षणाचा भार पूर्णपणे शाळेवर आला.

शाळेने तो कसा पेलला? पाठ्यपुस्तकांनी दफ्तरातलीच नावे घेतली. रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक आणि ताळेबंद हीच प्रकरणांची शीर्षके झाली. पद्धत मात्र इंग्रजी राहिली. पेढीच्या वहीत जमा डावीकडे असे, पाठ्यपुस्तकातील खात्यात नावे डावीकडे आले. त्यामुळे ज्याच्या घरी दुकान होते त्या मुलाचा, इतरांना वाटे त्याच्या उलट, अधिक गोंधळ होई. खात्यांचे व्यक्तिगत, वास्तविक आणि नामधारी असे तीन प्रकार आणि त्यांचे तीन नियम तोंडपाठ करून घेतले जात: व्यक्तीच्या बाबतीत घेणाऱ्याच्या नावे व देणाऱ्याच्या जमा, वस्तूच्या बाबतीत आलेली नावे व गेलेली जमा, आणि खर्च-तोटा नावे तर उत्पन्न-नफा जमा. पावकी-निमकी गेली आणि तिच्या गादीवर हे तीन नियम बसले, असेच म्हणावे लागते. परीक्षेतील प्रश्नांत व्यवहार आधीच निवडून, क्रमाने आणि पूर्ण माहितीसह दिलेले असत, तर खऱ्या दुकानात पावती हरवलेली, तारीख पुसट आणि रक्कम दोन वेगळ्या बिलांची मिळून एक असते. तेरीज न जुळल्यास फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकण्याची रीत पुस्तकात होती. पण उचंत खात्यातील रक्कम शोधून काढणे हे हिशेबनिसाचे खरे काम असून ते वर्गात कधीच शिकवले गेले नाही, कारण त्यासाठी खरी वही लागते.

कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला आणि वाणिज्य विषय शाळेतून उचलून अकरावी-बारावीत गेला. पुस्तपालन व लेखाकर्म, चिटणिसाची कार्यपद्धती, वाणिज्य संघटन अशा विषयांची स्वतंत्र शाखा उभी राहिली आणि तालुक्याच्या गावीही कनिष्ठ महाविद्यालयांतून ती पोहोचली. विस्तार मोठा झाला, पण हेतू बदलला. पूर्वीचा वाणिज्य गट हा शिक्षण संपवून नोकरीला लागणाऱ्याचा होता. आताची शाखा पदवीची पायरी बनली आणि विज्ञान न मिळालेल्यांची जागा अशी तिची अवहेलनाही सुरू झाली. अकरावीच्या प्रवेशयादीत गुणांनी खाली सरकलेला विद्यार्थी नाइलाजाने तिथे येतो, या समजुतीने या शाखेचे जे नुकसान केले ते अजून भरून निघालेले नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात या विद्येला खरा आधार दिला तो सहकाराने. १९०४ च्या पतसंस्था कायद्यापासून सुरू झालेली ही चळवळ प्रवरानगरच्या साखर कारखान्यानंतर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या आणि गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या यांच्या रूपाने पसरली आणि त्यांतील प्रत्येक संस्थेला हिशेब ठेवणारा माणूस हवा होता. अनेक सोसायट्यांचे दफ्तर एकाच वेळी सांभाळणारा गटसचिव हा कुलकर्ण्याच्या रिकाम्या जागी आलेला नवा हिशेबनीस होय, फरक एवढाच की त्याची जागा जन्माने ठरत नव्हती. वार्षिक लेखापरीक्षणात संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग मिळे आणि हा वर्ग कर्जमर्यादेपासून संचालकांच्या प्रतिष्ठेपर्यंत अनेक गोष्टी ठरवत असे. या क्षेत्रासाठी राज्य सरकारने सहकार व लेखाकर्म पदविका, म्हणजे जी. डी. सी. अँड ए., ही परीक्षा चालवली. तिने ग्रामीण तरुणांना मुंबईच्या कार्यालयात उमेदवारी न करता लेखापरीक्षक होण्याची वाट उघडून दिली. तिची प्रतिष्ठा सी. ए. इतकी कधीच नव्हती, परंतु तिचे प्रश्न आणि तिचा व्यवसाय दोन्ही या राज्याच्या मातीतले होते, आणि या दृष्टीने ती फुले-शाहूंच्या हेतूला अधिक जवळची ठरते.

बारावीच्या पातळीवर काम आणि शिक्षण जोडण्याचा दुसरा प्रयत्न १९८८ नंतरच्या किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रमांतून झाला. त्यांत लेखा व लेखापरीक्षण हा एक अभ्यासक्रम होता आणि प्रत्यक्ष कार्यालयातील प्रशिक्षण त्याचा भाग होता. कल्पना अचूक होती. पण छोट्या गावात असे प्रशिक्षण देणारी कार्यालये मोजकी, आणि असलेल्या कार्यालयांना सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती वही देण्याची तयारी कमी, त्यामुळे अनेक ठिकाणी हा भाग कागदावर उरला. दरम्यान १९८६ मध्ये बंगळूरमध्ये सुरू झालेल्या टॅलीसारख्या संगणकप्रणालींनी खतावणी आणि तेरीज आपोआप तयार करण्यास आरंभ केला, आणि जे काम शिकवण्यात शाळेचे संपूर्ण वर्ष जात असे ते यंत्र क्षणात करू लागले. तालुक्याच्या बसस्थानकासमोरील टॅलीच्या क्लासमध्ये तीन महिन्यांत जे मिळते ते दोन वर्षांच्या शाखेत का मिळत नाही, असा प्रश्न पालक विचारू लागले. त्याचे उत्तर असे की क्लास बटणे शिकवतो आणि शाखा नियम शिकवते. नोंद खरी आहे की खोटी हे ओळखणे दोघेही शिकवत नाहीत.

ते ओळखणे आजही उमेदवारीतच येते आणि ती उमेदवारी आजही कायद्यानेच बांधलेली आहे. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत सी. ए.च्या विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला, तर नाव नोंदवण्याची मुभा दहावीनंतर आणि पहिली परीक्षा बारावीनंतर, असा क्रम आहे. कागदोपत्री हे दार जात, लिंग, घराणे यांपैकी कशाकडेही पाहत नाही, आणि हुजूर दफ्तराच्या काळाशी तुलना करता हा बदल लहान नाही. तरीही बारावीपर्यंत रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला त्या दारापाशी पोहोचल्यावर सर्व काही नव्या भाषेत मांडावे लागते, कारण त्या परीक्षेची माध्यमे इंग्रजी आणि हिंदी ही दोनच आहेत.